कॅथलिक धर्मगुरूंची मिस्सावस्त्रे आणि त्यांच्या बदलत्या तऱ्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फादरांचे खरे परंपरागत वस्त्र कोणते, यावर अलीकडे आपल्या तरुण मंडळींत बरीच गरमागरमी होते. एकाला पाठीवर ताठ बसणारे, जरीने मढवलेले वस्त्र म्हणजेच परंपरा वाटते. दुसऱ्याला तेच दिखाऊ वाटते आणि हातांवरून सैल घोळणारे साधे वस्त्र प्रभूच्या जवळचे वाटते. दोघांची कळकळ खरी आहे. पण ही वस्त्रे अशी का झाली हे कळले तर निम्मा वाद तरी मिटेल, असे मला मनापासून वाटते. इथले बोलणे मुख्यतः पश्चिम युरोपातल्या लॅटिन परंपरेबद्दल आहे, कारण ही स्थित्यंतरे तिथेच घडली. गोवा, वसई, मुंबईकडे आपण शेवटी शेवटी येऊ.

मिस्साला, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेला, उभे राहताना फादर कायकाय घालतात?

सर्वांत आत अ‍ॅमिस, म्हणजे मानेभोवती घ्यायचे लिननचे चौकोनी कापड. त्यावर पायघोळ पांढरा आल्ब, कमरेला दोरी, गळ्यात स्टोल नावाची लांब पट्टी आणि सगळ्यांवर चॅझुबल हे मोठे बिनबाह्यांचे वस्त्र. मिस्साच्या दिवसाचा रंग दिसतो तो या चॅझुबलचा. जुन्या पद्धतीत डाव्या हातावर मॅनिपल नावाची पट्टीही असे. मुळात तो हातरुमाल होता. डिकन, म्हणजे धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरचा दीक्षित सेवक, चॅझुबलऐवजी बाह्यांचे डाल्मॅटिक घालतो. मिरवणुकीला आणि साक्रामेंताच्या आशीर्वादाला कोप वापरतात. तो समोरून उघडा, खांद्यांवरून टाचांपर्यंत येणारा.

प्रत्येक वस्त्र चढवताना म्हणायची छोटी प्रार्थना आहे. चॅझुबलच्या प्रार्थनेत प्रभूचेच शब्द येतात: माझे जू सोयीचे व माझे ओझे हलके आहे. पुढची सगळी चर्चा या एका वस्त्राभोवती फिरते, कारण सर्वांत जास्त बदलले ते हेच.

ही वस्त्रे जुन्या करारातल्या याजकांवरून घेतली आहेत का?

नाही. मध्ययुगातल्या लेखकांनी अहरोनाच्या वस्त्रांशी त्यांची सांगड घातली आणि ती चिंतनासाठी सुंदर आहे. पण चॅझुबलचा उगम रोमन साम्राज्यातल्या रोजच्या कपड्यांत आहे. थंडीवाऱ्यात, प्रवासात रोमन माणूस अंगावर एक मोठे बिनबाह्यांचे आवरण घेत असे. व्यापारी घेई, अधिकारी घेई, तसाच धर्मगुरूही घेई. पाचव्या-सहाव्या शतकात उत्तरेकडच्या टोळ्यांच्या प्रभावाने सामान्य लोकांनी आखूड अंगरखा आणि विजार धरली. धर्मगुरूंनी मात्र जुना पायघोळ पोशाख सोडला नाही. आजूबाजूची फॅशन बदलली आणि न बदलणाऱ्यांचा पोशाख आपोआप वेगळा दिसू लागला.

हे सुरुवातीला सर्वांना रुचले होते असेही नाही. ४२८ मध्ये पोप सेलेस्टिन पहिले यांनी दक्षिण गॉलमधल्या (आजच्या फ्रान्समधल्या) बिशपांना खरमरीत पत्र लिहिले: आपण लोकांपासून वेगळे ओळखले जावे ते शिकवणुकीने, कपड्यांनी नव्हे. तरीही वेगळेपण रुजत गेले. इटलीत राव्हेन्नाच्या सान व्हिताले चर्चमध्ये सुमारे ५४७ सालच्या मोझेकमध्ये बिशप मॅक्सिमियानुस दिसतात. त्यांच्या अंगावर गडद रंगाचे घोळदार चॅझुबल आहे आणि शेजारी सम्राट जस्टिनियन उभा आहे. पुढे ६३३ च्या टोलेडो परिषदेत पद काढून घेतलेल्या धर्मगुरूला पुन्हा पदावर घेताना कोणती वस्त्रे परत द्यायची, याचा नियमच झाला. म्हणजे तोवर वस्त्र ही पदाची खूण झाली होती.

मूळ चॅझुबल दिसायचे कसे?

अर्धवर्तुळाकार कापड घ्यायचे, त्याच्या सरळ कडा समोर आणून शिवायच्या, डोके जाण्यापुरती जागा ठेवायची. झाले. बाजूला फट नाही, बाह्या नाहीत. घातल्यावर माणूस मानेपासून पोटऱ्यांपर्यंत चहूबाजूंनी झाकला जातो. हात वर करायचा तर सगळे कापड दोन्ही बाजूंनी गोळा करून कोपरांवर घ्यावे लागते, आणि मग छातीवर एकाखाली एक अशा चुण्या पडतात. जुन्या शिल्पांत धर्मगुरूंच्या छातीवर त्या स्पष्ट दिसतात.

या घाटाची काही वस्त्रे टिकली आहेत. हंगेरीच्या राजांचा राज्याभिषेकाचा प्रसिद्ध झगा मुळात चॅझुबलच होता. राजा स्टीफन आणि राणी गिझेला यांनी १०३१ मध्ये सेकेशफेहेरव्हारच्या चर्चला तो अर्पण केला. नंतर समोरून कापून त्याचा झगा केला. फ्रान्समध्ये सान्सच्या कॅथीड्रलमध्ये कँटरबरीचे हुतात्मा आर्चबिशप थॉमस बेकेट यांची वस्त्रे जपलेली आहेत. इटलीतल्या फेर्मो गावात त्यांचेच म्हणून मानले जाणारे आणखी एक चॅझुबल आहे. त्याचे कापड मुस्लिम स्पेनमधल्या अल्मेरिया शहरात भरतकाम केलेले आहे. त्यावर अरबी अक्षरे आहेत आणि हिजरी ५१० म्हणजे इ. स. १११६ हे सालही आहे. वेदीसाठी उत्तम ते हवे आणि उत्तम रेशीम अल्मेरियात मिळत होते, म्हणून तिथून घेतले. अमुक एक आकार किंवा अमुक एक कापड म्हणजेच शुद्ध परंपरा असे कुणी ठासून सांगू लागले की मला फेर्मोचे हे वस्त्र आठवते.

मग इतके मोठे वस्त्र आक्रसले कसे?

याचे उत्तर एका ओळीत नाही, कारण तीन-चार गोष्टी एकमेकींत गुंतल्या.

पहिली गोष्ट हातांची. १२०० च्या आसपास पॅरिसमध्ये, बिशप ओद द स्युली यांच्या काळात, पवित्रीकरणाच्या शब्दांनंतर भाकर उंच धरून लोकांना दाखवण्याची रीत पक्की झाली आणि तिथून सगळीकडे पसरली. लोक त्या क्षणाची वाट पाहू लागले. पण हात डोक्याच्या वर न्यायचे तर कोपरांवरचे सगळे कापड बरोबर उचलावे लागते. म्हणून गुडघे टेकलेला सेवक मागून चॅझुबलची कड उचलून धरू लागला. कापडाचे ओझे कमी झाल्यावरही ही रीत राहिली. जुन्या लॅटिन मिस्सात, म्हणजे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेआधीच्या (१९६२-६५ ची जगभरच्या बिशपांची सभा) पद्धतीच्या मिस्सात, ती आजही दिसते. सैल कापड हातांच्या बाजूने थोडे थोडे कापणे हा पुढचा सरळ उपाय होता.

दुसरी गोष्ट भरतकामाची. तेराव्या आणि चौदाव्या शतकात इंग्लंडचे भरतकाम सगळ्या युरोपात नावाजलेले होते. चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेली जर, बारीक रेशमी टाके, संतांचे डोळे आणि केस टाक्यांनीच रंगवलेले. मॅथ्यू पॅरिस या बखरकाराने नोंदवले आहे की १२४६ मध्ये पोप इनोसंट चौथे यांनी इंग्रज पाहुण्यांच्या अंगावरची ही कलाकुसर पाहिली, ती कुठली हे विचारले, आणि तशीच आपल्याला पाठवावी म्हणून इंग्लंडमधल्या सिस्टर्शियन मठाधिपतींना कळवले. आता इतके काम केलेले वस्त्र चुण्या पडून कोपरांवर गोळा झाले तर चित्र दिसणार कसे? चित्र दिसायला पाठ सपाट हवी.

तिसरी गोष्ट कापडाची. पंधराव्या शतकापासून फ्लॉरेन्स, व्हेनिस, जिनोव्हा इथली जाड मखमल आणि जरीची ब्रोकेड वेदीपर्यंत पोहोचली. हे कापड मुळात वळत नाही. त्याला आतून ताठ अस्तर लावले, कडेने पट्ट्या शिवल्या की ते अंगावर घोळण्याऐवजी अंगासमोर उभे राहते. त्यातून किंमत भारी. खांद्यांपलीकडचे कापड वाचवले तर त्याच थानात स्टोल, मॅनिपल आणि चषकावरचे आच्छादनही निघते.

हे आक्रसणे अति झाले असे त्या काळातल्या सर्वांत कडक सुधारकालाही वाटत होते. मिलानचे आर्चबिशप संत चार्ल्स बोरोमेओ यांनी १५७७ मध्ये चर्चच्या बांधकामाबद्दल आणि सामानाबद्दल सूचना छापल्या. त्यांत चॅझुबल खांद्यांवरून खाली उतरेल इतके रुंद असावे, असे माप घालून दिले. तरी शिंप्यांची कात्री थांबली नाही. अठराव्या शतकापर्यंत हात पूर्ण मोकळे झाले आणि समोरचा भाग छातीपाशी आणखी कोरला गेला. त्या समोरच्या घाटावरूनच त्याला व्हायोलिनच्या आकाराचे चॅझुबल म्हणू लागले.

एखाद्या जुन्या वस्त्रावर हा बदल प्रत्यक्ष दिसतो का?

दिसतो, आणि पाहताना जीव हळहळतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातले एक इंग्लिश चॅझुबल आहे, चिचेस्टर-कॉन्स्टेबल या कॅथलिक घराण्याच्या नावाने ओळखले जाणारे. लाल मखमल, जर, बारीक मोती. पाठीवर खालून वर तीन प्रसंग आहेत: गब्रिएल दूताचा पवित्र मरियेला निरोप, तीन ज्ञानी राजांचे दर्शन आणि सर्वांत वर मरियेचा स्वर्गातला मुकुटविधी. प्रसंगांभोवती झाडांच्या पिळदार फांद्यांच्या कमानी. पण कडेला नजर गेली की कमानी मध्येच तुटलेल्या दिसतात, आकृती अर्ध्यावर कापल्या गेलेल्या दिसतात. मूळ वस्त्र याच्यापेक्षा खूप मोठे होते. नंतरच्या काळाच्या मापात बसवण्यासाठी ते कापले आणि उरलेल्या तुकड्यांचे स्टोल आणि मॅनिपल केले.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातले तेराव्या शतकाच्या अखेरचे क्लेअर चॅझुबलही असेच कापलेले आहे. त्याच संग्रहालयातल्या सायन कोपने वेगळे दिवस पाहिले. इंग्लंडमध्ये मठ बंद पडल्यावर सायनच्या धर्मभगिनी परागंदा झाल्या, फ्लँडर्स आणि फ्रान्समधून फिरत लिस्बनला पोहोचल्या आणि दोन शतकांहून जास्त काळानंतर, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, तो कोप घेऊन मायदेशी परतल्या. संग्रहालयाने तो १८६४ मध्ये घेतला. फ्रान्समध्ये क्रांतीच्या वर्षांत असंख्य वस्त्रे जाळली गेली, ती आतले सोने-चांदी वितळवून काढण्यासाठी. इतक्या हातांतून जे वाचले, त्याला जुनाट म्हणून नाक मुरडणे मला कधीच पटले नाही.

रोमन, फ्रेंच, स्पॅनिश चॅझुबल ओळखायचे कसे?

पाठ पाहा. रोमन घाटात पाठीवर मधोमध दोन उभ्या पट्ट्यांनी आखलेला सरळ खांब असतो आणि समोर गळ्याखाली टी अक्षरासारखी पट्टी. फ्रेंच घाटात पाठीवर मोठा क्रूस असतो आणि खांब समोर. अस्तर बहुधा फारच ताठ. स्पॅनिश घाट खांद्यांपाशी अरुंद आणि खाली गोलाकार पसरणारा, म्हणून तिकडे त्याला गिटारच म्हणतात. जर्मन देशांत आणखी पोटभेद आहेत. यात श्रद्धेचा काडीचा फरक नाही. त्या त्या प्रदेशातल्या शिंप्यांच्या हाताचे ते वळण.

अठराव्या शतकात फ्रान्समधल्या लिओं शहरातल्या मागांवरचे फुलाफुलांचे रेशीम आले आणि चॅझुबलवर गुलाब, ट्युलिप, फळांच्या परड्या दिसू लागल्या. त्यांतले पुष्कळ कापड आधी खानदानी स्त्रियांचे झगे म्हणून वापरलेले असे. लग्नाचा किंवा दरबारी पोशाख चर्चला अर्पण करायचा आणि त्याचे मिस्सावस्त्र शिवायचे, ही भक्तीची सर्वमान्य रीत होती. जवळून पाहिले तर अशा वस्त्रावर जुन्या टिपांच्या, मोडलेल्या घड्यांच्या रेषा सापडतात.

आल्बला इतकी लेस कधीपासून?

सतराव्या शतकापासून. व्हेनिस आणि फ्लँडर्सची लेस तेव्हा श्रीमंतांच्या गळ्यात आणि मनगटांवर होती, ती आल्बच्या घेरालाही लागली. एकोणिसाव्या शतकात ती चढत चढत गुडघ्यांच्याही वर गेली. जून २०२२ मध्ये सिसिलीच्या बिशपांशी आणि धर्मगुरूंशी बोलताना पोप फ्रान्सिस यांनी यावरून कान टोचले: आजीचा मान राखणे ठीक, पण पवित्र मातेचा, म्हणजे ख्रिस्तसभेचा, मान राखणे अधिक बरे. त्यांचे म्हणणे मला समजते. हाताने विणलेल्या लेसमागे मात्र कुणा बाईची वर्षे असतात. तिने ती देवाला दिली, फादरांना नव्हे.

सैल, गॉथिक म्हणतात ती चॅझुबल परिषदेनंतरची ना?

हा सर्वांत पसरलेला गैरसमज आहे. ती चळवळ दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या सव्वाशे वर्षे आधीची.

इंग्लंडमध्ये ऑगस्टस वेल्बी पुजिन (१८१२-१८५२) हा वास्तुकार कॅथलिक झाला आणि मध्ययुगातले सगळे काही, चर्चच्या कमानींपासून चषकापर्यंत, पुन्हा उभे करायच्या ध्यासाने पेटला. १८३८ मध्ये बर्मिंगहॅमजवळच्या ऑस्कट इथल्या सेमिनरीच्या चॅपेलच्या अभिषेकाला त्याने आखलेली घोळदार वस्त्रे वापरली गेली. लगेच रोमकडे तक्रारी गेल्या. १८४४ मध्ये त्याने वस्त्रे आणि अलंकरणावर एक रंगीत चित्रांचा कोशच छापला. फ्रान्समध्ये सोलेमच्या बेनेडिक्टाइन मठात दों गेरांजे यांचाही कल त्याच दिशेने होता.

रोम सावध राहिले. २१ ऑगस्ट १८६३ च्या पत्रात तिथल्या विधी-मंडळाने नोंदवले की इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी आणि बेल्जियमच्या काही धर्मप्रांतांत वस्त्रांचा आकार बदलला जात आहे, आणि बिशपांकडे त्याची कारणे मागितली. ९ डिसेंबर १९२५ ला उत्तर आणखी कडक आले: रूढ आकार सोडायचा असेल तर आधी परमधर्मपीठाला विचारा. मठांनी आणि कारागिरांनी तरी काम सुरूच ठेवले. अखेर २० ऑगस्ट १९५७ ला हा निर्णय स्थानिक बिशपांच्या विवेकावर सोडण्यात आला. तेव्हा पोप पायस बारावे होते आणि मिस्सा पूर्ण लॅटिनमध्ये होता.

जे आज जुन्या मिस्साच्या प्रेमापोटी गॉथिक चॅझुबलला आधुनिक म्हणून हिणवतात, त्यांनी पुजिनची चित्रे एकदा तरी पाहावीत. आणि जे व्हायोलिन घाटाला मागासलेला म्हणतात, त्यांनी हे लक्षात घ्यावे की एके काळी तोच नवा होता आणि बोरोमेओंसारख्या संताला तो खटकत होता.

परिषदेने जुनी वस्त्रे बंद केली का?

नाही. १९६३ च्या उपासनेवरील दस्तऐवजात एवढेच आहे की नुसत्या थाटामाटापेक्षा उदात्त सौंदर्य साधावे आणि हे वस्त्रांनाही लागू आहे. १९६७ मध्ये मॅनिपल सक्तीचे राहिले नाही. ते निषिद्धही केले नव्हते, पण पाहता पाहता दिसेनासे झाले. आगमनकाळात (नाताळाआधीच्या आठवड्यांत) आणि उपवासकाळात (ईस्टरआधीच्या आठवड्यांत) डिकन पुढून दुमडलेले चॅझुबल घालत, ती फार प्राचीन रीत तर परिषदेआधीच, १९६० च्या नियमांत गेली. मूळ घोळदार वस्त्राची ती शेवटची आठवण होती आणि ती गेल्याचे मला वाईट वाटते.

खरा बदल व्यवहारातून आला. १९६५ पासून अनेक धर्मगुरूंनी एकत्र मिस्सा अर्पण करणे सर्रास होऊ लागले. जिथे सॅक्रिस्टीत, म्हणजे वस्त्रे ठेवायच्या खोलीत, दोन-तीन चॅझुबल पुरत, तिथे एकदम वीस-तीस लागू लागली. स्वस्त, हलके, घरी धुता येणारे हवे, म्हणून पॉलिएस्टर आले. स्टोल चॅझुबलच्या वरून घालायची तऱ्हा आली. आल्ब आणि चॅझुबल एकत्र केलेले एकच वस्त्र आले. नियम मात्र आजही आल्ब, त्यावर स्टोल, त्यावर चॅझुबल असाच आहे, आणि २००४ मध्ये रोमने तो पुन्हा बजावला.

आधुनिक म्हणजे कळाहीन असेही नाही. परिषदेच्या दशकभर आधी, १९५१ मध्ये अभिषेक झालेल्या फ्रान्समधल्या व्हान्सच्या चॅपेलसाठी चित्रकार आंरी मातीस याने चॅझुबल आखली. वार्धक्यात, आजारपणात, रंगवलेले कागद कात्रीने कापून त्याने ती रचली. हिरव्या, जांभळ्या, गुलाबी, काळ्या रंगांत पाने, मासे आणि क्रूस. तिथे जर नाही, मोती नाहीत, पण दुरूनही दिवसाचा भाव कळतो. १९९७ मध्ये पॅरिसच्या जागतिक युवा दिनाला पोप जॉन पॉल दुसरे यांच्यासाठी आणि हजारो धर्मगुरूंसाठी फॅशन डिझायनर जाँ-शार्ल द कास्तेलबाजाक याने इंद्रधनुषी रंगांची वस्त्रे केली. नोत्र-दाम आगीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडले तेव्हाची वस्त्रेही त्याचीच.

पोप बदलले की तऱ्हा बदलते का?

कायदा बदलत नाही, पण डोळ्यांची सवय बदलते. बेनेडिक्ट सोळावे यांच्या काळात, विशेषतः २००७ पासून, जुनी रोमन चॅझुबल पेटाऱ्यांतून बाहेर आली. त्याच वर्षी ७ जुलैला जुन्या मिस्साला मोकळीक मिळाल्याने शिंप्यांकडे तशी मागणीही वाढली. १३ मार्च २०१३ ला पोप फ्रान्सिस सज्ज्यात आले ते मोझेट्टा, म्हणजे खांद्यांवरचा आखूड लाल झगा, न घालता. मग साधेपणाची हवा आली, आणि २०२१ मध्ये जुन्या मिस्सावर निर्बंध आले. ८ मे २०२५ ला लिओ चौदावे पुन्हा मोझेट्टा आणि भरजरी स्टोल घालून दिसले. प्रत्येक वेळी लोकांनी त्यातून भविष्य वाचले. मला वाटते, कपड्यांवरून पोपची परीक्षा करण्याची ही खोड आपण सोडावी.

रंगांचे काय?

पोप होण्याआधी, बाराव्या शतकाच्या अखेरीस, इनोसंट तिसरे यांनी रोमची रीत लिहून ठेवली: पांढरा, लाल, काळा, हिरवा, जांभळा काळ्याच्या जोडीने. १५७० च्या मिस्सा-ग्रंथाने हे पाच रंग सर्वत्र रूढ केले. आगमनकाळाच्या तिसऱ्या आणि उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी गुलाबी चालतो. निळ्याची परवानगी स्पेनला १८६४ मध्ये निष्कलंक मरियेच्या सणापुरती मिळाली. अंत्यविधीला पूर्वी काळाच हवा असे. आता जांभळा किंवा पांढराही चालतो, आणि आपल्याकडे शोकाचा रंग मुळातच पांढरा असल्याने तो लोकांच्या मनाला जास्त भिडतो.

गोवा, वसई, मुंबईकडे हे सगळे कसे पोहोचले?

पोर्तुगीजांबरोबर. म्हणजे आपल्याकडे चॅझुबल आले ते आधीच आक्रसलेले. मूळ घंटेच्या घाटाचे वस्त्र या किनाऱ्याने कधी पाहिलेच नाही. गोवा हे आशियाभरच्या मालाचे केंद्र असल्याने घाट इबेरियन, रेशीम आणि भरतकाम मात्र बऱ्याचदा मकावमार्गे आलेले चिनी किंवा भारतीय कारागिरांच्या हातचे, असा संगम झाला. जुन्या गोव्यात सांता मोनिका मठातल्या ख्रिस्ती कला संग्रहालयात त्या काळची वस्त्रे पाहता येतात.

केरळच्या सिरो-मलबार ख्रिस्ती लोकांची पूर्वेकडची स्वतःची परंपरा होती. १५९९ च्या उदयंपेरूर सिनडनंतर त्यांच्या धर्मगुरूंच्या अंगावरही लॅटिन घाटाची वस्त्रे आली आणि शतके राहिली. विसाव्या शतकात त्यांनी आपली वस्त्रे पुन्हा शोधून काढली. कल्याण धर्मप्रांतातल्या त्यांच्या चर्चमध्ये गेलात तर फरक डोळ्यांना लगेच दिसेल.

२५ एप्रिल १९६९ ला रोमने भारतासाठी बारा मुद्द्यांना संमती दिली. पंचांग प्रणाम, आरती, पादत्राणे काढणे यांच्या बरोबरीने एक मुद्दा वस्त्रांचा होता: झग्यासारखे एकच सलग चॅझुबल आणि अंगवस्त्रासारखा स्टोल चालेल. बंगळूरच्या राष्ट्रीय केंद्रात फादर अमलोरपवदास यांनी त्याचा प्रसार केला. काहींना ते मनापासून आवडले, काहींना परके वाटले, आणि बहुतेक पॅरिशांत ते विशेष प्रसंगांपुरतेच राहिले.

आमच्या नव्या फादरांना दीक्षेसाठी चॅझुबल द्यायचे आहे. कोणते घ्यावे?

घाटाच्या आधी कापड पाहा. आपल्या हवेत अस्तराचे जाड ब्रोकेड घालून मे महिन्यात तासभर वेदीपाशी उभे राहणे म्हणजे शिक्षा. चांगले रेशीम, रेशीम-सुती मिश्रण किंवा बारीक लोकर घ्या. कापड हातात धरून सोडा. ते पडते कसे हे पाहा. उंची मोजा, कारण तयार वस्त्रे बुटक्या फादरांच्या पायांत येतात. मशीनवर भरलेला मोठा चषक आणि चमकणारी द्राक्षे छातीवर असलीच पाहिजेत असे नाही. एक चांगली उभी पट्टी पुरते.

त्या त्या प्रदेशातले नैसर्गिक कापड वापरायला नियमांत स्पष्ट मुभा आहे. म्हणजे येवल्याचे रेशीमही चालेल. फादरांच्या आईचा लग्नातला शालू चांगल्या स्थितीत असेल आणि तिची इच्छा असेल, तर त्याचे काठ पट्टी म्हणून लावून घ्या.

सॅक्रिस्टीच्या कपाटात जुने जरीचे चॅझुबल सापडले आहे. त्याचे काय करावे?

आधी काहीही करू नका. धुऊ नका, ड्रायक्लीनिंगला देऊ नका, काळी पडलेली जर घासू नका. ती बहुधा मुलामा दिलेली चांदी असते आणि घासली की मुलामा जातो. समोरचा भाग पाहा: पोटापाशी कापड विरलेले असेल, कारण वर्षानुवर्षे तिथेच वेदीची कड घासली गेली. तिथे ठिगळ असेल तर ते उसवू नका. अस्तर फाटले असेल तर आतले फोटो काढून ठेवा. ताठपणासाठी आत काय घातले आहे, जुन्या कापडाचे तुकडे जोडले आहेत का, हे तिथेच कळते.

हँगरवर टांगू नका. वजनाने खांदे फाटतात. रुंद खणात सपाट ठेवा. घडी घालावीच लागली तर घडीत धुतलेल्या मलमलीची गुंडाळी ठेवा आणि दर काही महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडे घाला. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, आत दमट हवा कोंडते. डांबराच्या गोळ्या कापडाला टेकवू नका. पावसाळ्यानंतर कोरड्या दिवशी सावलीत उघडून ठेवा, उन्हात नको.

वापरण्याजोगे असेल तर सणाला अवश्य वापरा. ते वेदीसाठीच केलेले आहे. अगदी जीर्ण झाले असेल तर भंगारात किंवा नाटकाच्या ड्रेपरीत देऊ नका. आशीर्वादित वस्त्र आदराने जाळून राख मातीत मिळवायची, ही जुनी रीत आहे. पण त्याआधी बिशप हाऊसला कळवा, आणि जाणकार माणसाला एकदा ते दाखवा.